औषधाची बातमी वाचलीत? गोळीला हात लावण्याआधी हा क्रम पाळा

जुलै २०१८ मध्ये व्हल्सार्टन या रक्तदाबाच्या औषधात एनडीएमए नावाची अशुद्धी सापडल्याची बातमी आली. या रसायनाचं नाव कर्करोगाशी जोडलं जातं, त्यामुळे मथळेही तसेच होते. माझ्या मावशीने संध्याकाळी बातमी ऐकली आणि रात्रीची गोळी कचऱ्यात टाकली. पाच दिवसांनी डोकं ठणकतंय म्हणून तिचा फोन आला. दाब मोजला तर वरचा आकडा १९० च्या पुढे. ‘मावशी, स्ट्रिपवरचं बारीक अक्षरातलं नाव वाच बघू,’ म्हटलं. तिने चष्मा शोधला, अक्षरं लावली. गोळी टेल्मिसार्टनची होती. औषधांचा गट एक म्हणून नावाचं शेपूट सारखं. परत मागवलेल्या गोळ्यांत तिची गोळी नव्हतीच. जे खरोखर व्हल्सार्टन घेत होते, त्यांनाही अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, सांगितलं होतं की बदली औषध हातात पडेपर्यंत चालू गोळी सोडू नका. हे वाक्य मूळ सूचनेत होतं, तिने ऐकलेल्या बातमीत आलंच नाही.

औषधांच्या काउंटरच्या आतल्या बाजूने मी हीच चूक वर्षानुवर्षं पाहते आहे. इशाऱ्याची बातमी असली की लोक आधी गोळी बंद करतात आणि मग विचारायला येतात. मंजुरीची बातमी असली की आधी आशा बांधतात आणि ते औषध आपल्या आजाराचं आहे का, हे मागाहून बघतात. खाली दिलेलं कुठलंच काम अवघड नाही. क्रम तेवढा बदलू नका.

तयारी: औषधांची एक यादी, एका कागदावर

हे काम बातमी येण्याआधीच करून ठेवायचं. अर्धा तास लागतो. यादीत प्रत्येक औषधाची एक ओळ, आणि त्या ओळीत पुढच्या गोष्टी:

- ब्रँडचं नाव आणि त्याखाली बारीक अक्षरात छापलेलं मूळ औषधाचं नाव. एका गोळीत दोन-तीन औषधं एकत्र असतील तर ती सगळी.
- ताकद, एककासकट. नुसतं ‘५०’ लिहू नका. ५० मिलिग्रॅम की ५० मायक्रोग्रॅम, ते लिहा.
- साधी गोळी की सावकाश विरघळणारी. नावामागे एसआर, एक्सआर, ईआर अशी अक्षरं असतील तर तीही उतरवा.
- दिवसातून किती वेळा, की आठवड्यातून एकदा, की महिन्यातून एकदा.
- कशासाठी, कधीपासून, कुणी लिहून दिलं.

‘कशासाठी’ हा रकाना भरताना बरेच जण अडतात. गोळी चार वर्षं चालू आहे आणि ती कशाची हे घरात कुणालाच ठाऊक नाही, असं सर्रास आढळतं. तसं झालं तर तिथे प्रश्नचिन्ह लिहून ठेवा. डॉक्टरांकडे नेण्यासारखा तो पहिला प्रश्न आहे.

यादीतून हमखास सुटतात त्या गोष्टी अशा: डोळ्यांचे थेंब, इनहेलर, त्वचेवर लावायची पट्टी, सहा महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन, गर्भनिरोधक गोळ्या, झोपेची अधूनमधून घेतलेली गोळी, चिठ्ठीशिवाय आणलेलं पित्ताचं किंवा सर्दीचं औषध, काढे आणि जीवनसत्त्वं. लोकांना ही ‘औषधं’ वाटत नाहीत म्हणून ती लिहिली जात नाहीत. शरीर असा भेद करत नाही.

यादीच्या तळाशी ॲलर्जी, मूत्रपिंडाच्या आणि यकृताच्या शेवटच्या तपासणीचे आकडे तारखेसह, आणि लागू असेल तर गरोदरपण किंवा स्तनपान.

आता बॅच नंबर, म्हणजे एकाच वेळी बनवलेल्या गोळ्यांच्या खेपेचा क्रमांक. औषध परत मागवलं जातं ते बहुतेक वेळा ठरावीक बॅचचं. आपण मात्र स्ट्रिप कापताना नेमका बॅच आणि मुदत छापलेला तुकडाच आधी फेकतो. तो तुकडा शेवटपर्यंत ठेवा. आठवड्याच्या डब्यात गोळ्या भरत असाल तर डबा भरण्याआधी पाकिटाचा फोटो काढा.

*तपासून पाहा: तुम्ही घरी नसताना घरातल्या दुसऱ्या कुणाला ही यादी वाचून डॉक्टरांना फोनवर सांगता येईल का? अक्षर लागत नसेल तर पुन्हा लिहा.*

टप्पा १: बातमी कोणत्या जातीची आहे ते ठरवा

औषधांच्या बातम्या सहा जातींच्या असतात आणि प्रत्येकीची घाई वेगळी.

नवं औषध मंजूर झालं. उदाहरणार्थ, ३० जानेवारी २०२५ रोजी एफडीएने सुझेट्रिजिन हे वेदनाशामक मंजूर केलं. यात आज करण्यासारखं काहीच नसतं.

जुन्या औषधाला नवा उपयोग मिळाला. टिर्झेपटाइड मे २०२२ मध्ये मधुमेहासाठी, नोव्हेंबर २०२३ मध्ये वजनासाठी आणि डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठपणासोबत असलेल्या झोपेतल्या श्वासरोधासाठी मंजूर झालं. औषध तेच, ब्रँड मात्र मौंजारो आणि झेपबाउंड असे दोन.

माहितीपत्रकात इशारा वाढला. फेझोलिनेटंट हे रजोनिवृत्तीतल्या गरम झळांचं औषध मे २०२३ मध्ये आलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्यावर यकृताच्या इजेबद्दल चौकटीतला इशारा लागला. एफडीएच्या माहितीपत्रकावरचा हा सर्वात ठळक प्रकारचा इशारा. त्याचा अर्थ औषधावर बंदी आली असा होत नाही. हे औषध कुणाला द्यायचं आणि कोणत्या तपासण्या करत द्यायचं, हे त्याने ठरतं.

इशारा काढला गेला. असंही होतं आणि त्याची बातमीही तितकीच अर्धवट वाचली जाते. नोव्हेंबर २०२५ मध्ये एफडीएने रजोनिवृत्तीच्या संप्रेरक औषधांवरचे हृदयविकार, स्तनाचा कर्करोग आणि स्मृतिभ्रंशाबद्दलचे चौकटीतले इशारे काढण्याची घोषणा केली. पण संपूर्ण शरीरात पोचणारं नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्यांसाठी गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा इशारा कायम ठेवला.

औषध परत मागवलं. फक्त या जातीत त्याच दिवशी हालचाल करायची असते, आणि ती हालचाल म्हणजे बॅच नंबर जुळवणं. क्वचित कंपनी सगळंच औषध बाजारातून काढून घेते. सिकलसेल या रक्ताच्या आजारावरचं व्हॉक्सेलोटर सप्टेंबर २०२४ मध्ये असंच जगभरातून मागे घेतलं गेलं. अशा वेळी डॉक्टरांना लगेच गाठायचं.

तपास सुरू झाला. ‘अमुक औषधाचा तमुक आजाराशी संबंध आहे का, याची नियामक छाननी करत आहेत’ अशी बातमी. छाननीतून काहीच न निघणं ही नेहमीची गोष्ट आहे. यादीत त्या औषधापुढे पेन्सिलीने खूण करा आणि पुढच्या भेटीत विषय काढा.

*इशारा: एफडीएच्या परत मागवण्याच्या वर्गवारीत पहिला वर्ग सर्वात गंभीर आणि तिसरा सर्वात सौम्य. लोक उलट समजतात. शिवाय बरीच औषधं फक्त दुकानापर्यंत परत मागवलेली असतात. रुग्णाच्या घरातला साठा परत करायचा आहे की नाही, हे सूचनेत वेगळं लिहिलेलं असतं. ते वाक्य शोधा.*

टप्पा २: नाव जुळवा, अक्षर अन् अक्षर

बातमीत मूळ औषधाचं नाव शोधा आणि ते यादीतल्या मूळ नावाशी ताडून बघा. ब्रँडवर जाऊ नका. ओझेम्पिक, वेगोव्ही आणि रायबेल्सस या तिन्हींत सेमाग्लुटाइड हे मधुमेह आणि वजनावरचं एकच औषध आहे. बातमीत ओझेम्पिकचं नाव असेल आणि तुम्ही रायबेल्सस घेत असाल, तर ती बातमी तुमचीही असू शकते. मावशीचं झालं ते याच्या उलट: नाव जवळचं, औषध दुसरं.

नाव जुळलं तर आणखी तीन गोष्टी बघा: औषधाचं रूप, ताकद आणि कंपनी. गोळीबद्दलचा इशारा मलमाला लागू असतोच असं नाही. परत मागवण्याच्या बातमीत चौथी गोष्ट बॅच नंबरची. तिथे या चारांपैकी एक जरी जुळत नसेल तर गोळी चालू ठेवा. शंका असेल तर स्ट्रिप हातात धरून फार्मासिस्टला फोन करा आणि नंबर एकेक अक्षर करून वाचा. बी आणि आठ, ओ आणि शून्य यांची गल्लत फार होते.

टप्पा ३: मूळ सूचनेपर्यंत जा

जी बातमी तुम्ही वाचली ती कुणीतरी कुणाचं तरी वाचून लिहिलेली असते. नियामक संस्थेची मूळ सूचना शोधा: अमेरिकेत एफडीए, युरोपात ईएमए, नाहीतर तुमच्या देशाची संस्था. एका देशातली मंजुरी दुसऱ्या देशात आपोआप चालत नाही, त्यामुळे कोणत्या संस्थेने मंजूर केलं हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सूचना लांबलचक असते. सगळी वाचायची गरज नाही. पुढच्या क्रमाने वाचा.

आधी तारीख. जुन्या बातम्या मोबाइलवर फिरत राहतात. रॅनिटिडिन हे पित्तावरचं औषध बाजारातून काढण्याची एफडीएची सूचना १ एप्रिल २०२० ची आहे. ती ‘आजची ताजी बातमी’ म्हणून मला किती वेळा आली याची गणतीच नाही.

मग ‘रुग्णांनी काय करावं’ हा भाग. एफडीएच्या सुरक्षेच्या सूचनांत तो सहसा स्वतंत्र दिलेला असतो. ‘डॉक्टरांशी बोलल्याशिवाय औषध बंद करू नका’ हे वाक्य इथेच सापडतं.

मग इशारा कोणत्या परिस्थितीचा आहे ते. मे २०२५ मध्ये एफडीएने सेटिरिझिन आणि लेव्होसेटिरिझिनबद्दल सूचना काढली. ‘ॲलर्जीच्या गोळीने तीव्र खाज’ एवढंच वाचलं तर वाटेल की गोळी घेतल्यावर खाज येते. सूचना सांगत होती की काही महिने किंवा वर्षं रोज घेतलेली गोळी थांबवल्यावर क्वचित काहींना तीव्र खाज सुटते. म्हणजे बातमी वाचून घाबरून गोळी फेकणारा माणूस नेमकं तेच करत होता ज्याच्याबद्दल इशारा होता! एफडीएने जगभरातली २०९ प्रकरणं मोजली होती. ही गोळी घेणारे कोट्यवधी आहेत.

टप्पा ४: मंजुरीची बातमी असेल तर ‘कुणासाठी’ची ओळ वाचा

प्रत्येक मंजूर औषधाच्या माहितीपत्रकात उपयोगाची एक ओळ असते. एखादं वाक्य, फार तर दोन. सगळी मेख त्यात असते, आणि बातमीत सर्वात आधी कापली जाते तीच ओळ.

रेसमेटिरोम घ्या. मार्च २०२४ मध्ये ‘फॅटी लिव्हरवर पहिलं औषध’ म्हणून त्याचा गाजावाजा झाला. सोनोग्राफीच्या अहवालात ‘फॅटी लिव्हर’ लिहिलेले असंख्य लोक आहेत आणि त्यातल्या कितीतरी जणांनी ते आपलंच औषध समजलं. मंजुरीची ओळ सांगते: यकृतात चरबीसोबत दाह आहे, व्रणतंतू (इजेनंतर यकृतात तयार होणारी कडक ऊती) मध्यम ते पुढच्या अवस्थेत आहेत, पण सिऱ्हॉसिस (सगळं यकृत व्रणांनी कडक होणं) झालेला नाही, अशा प्रौढांसाठी, तेही आहार आणि व्यायामाच्या जोडीने. नुसत्या सोनोग्राफीवरून ही अवस्था ठरत नाही.

सुझेट्रिजिनचंही तसंच. ओपिऑइड (अफूच्या गटातलं) नसलेलं, नव्या पद्धतीने काम करणारं वेदनाशामक ही बातमी खरीच मोठी होती. मंजुरी मात्र मध्यम ते तीव्र ‘तात्कालिक’ वेदनेसाठी आहे, म्हणजे शस्त्रक्रियेनंतरच्या वगैरे. दहा वर्षांच्या गुडघेदुखीचा त्यात समावेश नाही. पायाच्या अंगठ्याजवळचं हाड आणि पोटाची त्वचा यांवरच्या शस्त्रक्रियांनंतर त्याची चाचणी झाली. तिथे ते प्लासेबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा, सरस ठरलं, पण हायड्रोकोडोन (एक ओपिऑइड) आणि पॅरासिटामॉलच्या जोडगोळीपेक्षा सरस असल्याचं दिसलं नाही.

यावरून दुसरा प्रश्न: तुलना कशाशी झाली? प्लासेबोशी झाली असेल तर ‘काहीच न घेण्यापेक्षा बरं’ एवढंच सिद्ध होतं. तुमच्या चालू औषधापेक्षा बरं आहे का, हे त्यातून कळत नाही.

तिसरा प्रश्न: मंजुरी नेहमीची की वेगवान? अमेरिकेत १९९२ पासून वेगवान मंजुरीची सोय आहे. गंभीर आजारात एखादा तपासणीचा निर्देशक सुधारला आणि त्यावरून फायदा होईल असं मानायला आधार असला, तर औषध आधी येतं आणि फायद्याचा पुरावा मागाहून मागितला जातो. रेसमेटिरोमची मंजुरी अशीच आहे, व्हॉक्सेलोटरचीही अशीच होती. अकाली प्रसूती टाळण्यासाठी दिलं जाणारं मकेना २०११ मध्ये याच वाटेने आलं आणि फायदा सिद्ध न झाल्याने २०२३ मध्ये त्याची मंजुरी काढून घेतली गेली. मध्ये बारा वर्षं गेली. वेगवान मंजुरी म्हणजे औषध वाईट असं मी म्हणत नाही. ज्याच्यापुढे दुसरा उपाय नाही त्याच्यासाठी ती मोलाची असू शकते. पण ज्याचं जुनं औषध व्यवस्थित चाललंय, त्याने थांबायला काय हरकत आहे?

*तपासून पाहा: उपयोगाची ओळ, तुलना कशाशी, मंजुरी कोणत्या प्रकारची. ही तीन उत्तरं कागदावर नसतील तर डॉक्टरांना ‘ते नवं औषध द्या’ असं म्हणायची वेळ अजून आलेली नाही.*

टप्पा ५: टक्के बाजूला ठेवा, माणसं मोजा

इथे सर्वात जास्त लोक घसरतात, म्हणून जरा थांबते.

जून २०२५ मध्ये ईएमएच्या सुरक्षा समितीने सेमाग्लुटाइडबद्दल निष्कर्ष दिला. डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा अचानक कमी होऊन दृष्टी जाऊ शकते, असा एक विकार आहे. टाइप २ मधुमेहाच्या प्रौढांमध्ये सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांत त्याचा धोका जवळजवळ दुप्पट आढळला. ‘दृष्टी जाण्याचा धोका दुप्पट’ वाचून कुणाचाही हात थरथरेल. त्याच निष्कर्षात पुढे लिहिलंय: दहा हजार माणसांनी वर्षभर औषध घेतलं तर साधारण एक जास्तीचं प्रकरण. दोन्ही वाक्यं खरी आहेत. निर्णय दुसऱ्यावर घ्यायचा. ‘दुप्पट’ हा शब्द दिसला की लगेच विचारा, कशाच्या दुप्पट?

फायद्याच्या आकड्यांतही तोच खेळ चालतो. अल्झायमरवरच्या लेकॅनेमॅबच्या चाचणीत १,७९५ लोक होते. दीड वर्षात ऱ्हासाचा वेग २७ टक्क्यांनी मंदावला, असं सगळीकडे छापून आलं. तोच फरक मोजपट्टीवर ०.४५ गुणांचा होता, आणि मोजपट्टी १८ गुणांची. सोबत मेंदूत सूज आणि रक्तस्रावाबद्दल चौकटीतला इशारा. कुणाला हा सौदा पटेल, कुणाला नाही. दोन्ही आकडे समोर असल्याशिवाय तो करू नये, एवढंच.

आकड्याची भीती काय करू शकते याचं उदाहरण ब्रिटनमध्ये घडलं. ऑक्टोबर १९९५ मध्ये काही गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका दुप्पट होतो असा इशारा दिला गेला. प्रत्यक्षात सात हजारांत एकीच्या ऐवजी दोघींना. असंख्य स्त्रियांनी गोळी सोडली, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे १३,००० जास्तीचे गर्भपात झाले असा अंदाज आहे. गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळीपेक्षाही जास्त असतो, हे कुणी मथळ्यात सांगितलं नाही.

माहितीपत्रकातले ‘सामान्य’, ‘दुर्मीळ’ हे शब्दही बोलीतले समजू नका. युरोपात त्यांना ठरलेले अर्थ आहेत: ‘सामान्य’ म्हणजे शंभरात एक ते दहात एक, ‘दुर्मीळ’ म्हणजे दहा हजारांत एक ते हजारात एक, ‘अतिदुर्मीळ’ त्याहूनही कमी.

आणि नव्या औषधाबद्दल ‘चाचणीत असा दुष्परिणाम दिसलाच नाही’ हे वाक्य आलं तर हा हिशोब करा. ३,००० लोकांच्या चाचणीत एखादी गोष्ट एकदाही घडली नाही, तर ती हजारात एकापेक्षा कमी वेळा घडत असावी, इतकंच ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. दहा हजारांत एकाला होणारी इजा अशा चाचणीत बहुधा लपूनच राहणार. रोफेकॉक्सिब हे वेदनाशामक १९९९ मध्ये आलं आणि हृदयविकार व पक्षाघाताच्या वाढत्या धोक्यामुळे सप्टेंबर २००४ मध्ये मागे घेतलं गेलं. मधल्या काळात ते कोट्यवधी लोकांच्या पोटात गेलं होतं.

टप्पा ६: चालू ठेवायचं, थांबवायचं की फोन करायचा

काही औषधं एकदम सोडणं हा त्या बातमीतल्या दुष्परिणामापेक्षा मोठा धोका असतो. ही औषधं यादीत लाल पेनाने अधोरेखित करा:

- ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रानोलॉल यांसारखे बीटा ब्लॉकर (रक्तदाब आणि हृदयाची औषधं) आणि रक्तदाबाचं क्लोनिडिन
- रक्त पातळ ठेवणारी रिव्हारोक्सॅबन, ॲपिक्सॅबन
- मिरगीची औषधं
- काही आठवडे सलग घेतलेली प्रेडनिसोलोनसारखी स्टिरॉइड
- पॅरोक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिन यांसारखी नैराश्याची औषधं
- रोज घेतल्या जाणाऱ्या झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या
- इन्सुलिन

ही कमी किंवा बंद करायची झाली तरी डॉक्टर ठरवतील त्याच पद्धतीने; यांतली बरीच पायरीपायरीने कमी करतात. डोस अर्धा करण्यासाठी सावकाश विरघळणारी गोळी स्वतःच मोडू नका. दिवसभरात सुटायचं औषध एकदम अंगात उतरतं.

उलट, पुढची लक्षणं दिसली तर बातमीचा, यादीचा, भेटीच्या वेळेचा विचार न करता थेट रुग्णालय गाठा: ओठ, जीभ किंवा चेहरा सुजणं, श्वास लागणं, अंगावर फोड येऊन कातडी सुटणं, तोंडात आणि डोळ्यांत व्रण, डोळे पिवळे होणं, काळी शौच, एका डोळ्याने अचानक कमी दिसणं, शुद्ध हरपणं, आत्महत्येचे विचार. पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना विचारा आणि औषधाचं पाकीट सोबत न्या.

बाकी सगळं फोनवर किंवा पुढच्या भेटीत.

*इशारा: महिनोन्‌महिने टिकणाऱ्या इंजेक्शनचं गणित वेगळं. एचआयव्हीच्या प्रतिबंधासाठी जून २०२५ मध्ये मंजूर झालेलं लेनाकापाविर सहा महिन्यांतून एकदा घेतात, आणि त्याचा अंश शरीरात वर्षभर किंवा त्याहून जास्त राहू शकतो. ‘त्रास झाला तर बंद करू’ हा मार्ग तिथे उपलब्ध नाही. प्रश्न सगळे आधीच विचारायचे.*

टप्पा ७: डॉक्टरांशी बोलताना

‘डॉक्टर, ते नवीन औषध माझ्यासाठी चांगलं आहे का?’ या प्रश्नाला उत्तर देता येत नाही. यादी पुढे ठेवा आणि असं विचारा:

‘ही सूचना अमुक तारखेची आहे. माझ्या यादीतलं हे औषध तेच आहे. माझं वय आणि माझं मूत्रपिंड बघता मला यात किती धोका आहे? मी हे बंद केलं तर काय होईल? याच्या ऐवजी काय, आणि त्याचे दुष्परिणाम काय? कोणती तपासणी कधी करू?’

शेवटचे दोन प्रश्न लोक विसरतात. बदली औषधालाही दुष्परिणाम असतात, फक्त त्यांची बातमी त्या आठवड्यात आलेली नसते. दुसरा डॉक्टर वेगळ्या आजारासाठी औषध देत असेल तर त्यालाही हीच यादी दाखवा. दोन डॉक्टरांमधला निरोप्या तुम्हीच असता.

टप्पा ८: नवं औषध सुरू झालं, पहिले तीन महिने

एका वेळी एकच बदल. नवं औषध, नवा काढा आणि नवा उपवास एकाच आठवड्यात सुरू केलात तर पुरळ कशाने आलं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

सुरू करण्याआधीच्या तपासण्या खरोखर आधीच करा. फेझोलिनेटंटसाठी यकृताची तपासणी सुरू करण्याआधी, मग पहिले तीन महिने दर महिन्याला, आणि पुढे सहाव्या व नवव्या महिन्याला सांगितली आहे. या सहा तारखा पहिल्या दिवशीच कॅलेंडरवर लिहा. लेनाकापाविरच्या प्रत्येक इंजेक्शनआधी एचआयव्हीची चाचणी निगेटिव्ह असावी लागते. शिवाय सुरुवातीला इंजेक्शनच्या दिवशी दोन आणि दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या असतात. दुसऱ्या दिवशीच्या गोळ्या घरी घ्यायच्या असल्या तर विसरायला सोप्या.

एकक पुन्हा तपासा. जुलै २०२४ मध्ये एफडीएने कुपीतून सिरिंजमध्ये काढायच्या, औषधालयात तयार केलेल्या सेमाग्लुटाइडबद्दल सावध केलं होतं. मिलिग्रॅम, मिलिलिटर आणि सिरिंजवरचे ‘युनिट’ यांचा गोंधळ होऊन काहींनी ठरल्यापेक्षा ५ ते २० पट डोस टोचून घेतला होता. सिरिंज पहिल्यांदा भराल तेव्हा रेघ कुठे आली पाहिजे ते फार्मासिस्टकडून पेनाने खूण करून घ्या. तोंडी सांगितलेलं घरी पोचेपर्यंत बदलतं.

आठवड्यातून एकदाच घ्यायच्या गोळ्या रोजच्या डब्यात ठेवू नका. संधिवात किंवा सोरायसिससाठीचं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा असतं. ते चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. चिठ्ठीवर वार अक्षरात लिहून घ्या: ‘सोमवार’, पूर्ण शब्द.

जुन्या औषधांशी जुळतं का, तेही यादी धरून विचारा. टिर्झेपटाइडमुळे पोटात घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून सुरू केल्यावर चार आठवडे आणि डोस वाढवाल त्या प्रत्येक वेळी पुढचे चार आठवडे दुसरा उपाय वापरायला सांगितलंय. सुझेट्रिजिनसोबत ग्रेपफ्रूट वर्ज्य आहे, आणि बुरशीवरच्या इट्राकोनाझोलसारख्या काही गोळ्या चालतच नाहीत.

वहीत रोज एक ओळ: तारीख, डोस, काय जाणवलं. काहीच जाणवलं नाही तर ‘काही नाही’ असं लिहा. रिकाम्या जागेवरून नंतर काही कळत नाही.

टप्पा ९: त्रास झाला तर कळवा

दुष्परिणाम कळवायचं काम डॉक्टरांचंच आहे असं समजून बहुतेक जण गप्प बसतात. अमेरिकेत एफडीएच्या मेडवॉचवर, ब्रिटनमध्ये १९६४ पासून चालू असलेल्या यलो कार्डवर रुग्णही थेट कळवू शकतो. तुमच्या देशातल्या औषध सुरक्षेच्या केंद्राकडे अशी सोय आहे का, ते फार्मासिस्टला विचारा. युरोपात नव्या औषधांच्या माहितीपत्रकावर उलटा काळा त्रिकोण दिसला तर त्या औषधावर जास्तीची नजर आहे, म्हणजे तुमच्या नोंदीची तिथे विशेष गरज आहे.

किमान चार गोष्टी लागतात: रुग्ण कोण (नाव नको, वय, लिंग पुरतं), कळवणारा कोण, संशयित औषध कोणतं, काय झालं. त्याखेरीज कधी सुरू केलं, त्रास किती दिवसांनी झाला, औषध थांबवल्यावर कमी झाला का, सोबत काय चालू होतं, आणि बॅच नंबर. औषधानेच त्रास झाला हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमची नाही. तुमची नोंद हा संशय असतो. तशा अनेक नोंदी एकत्र आल्यावरच तिथले लोक काही ठरवतात. म्हणूनच ‘अमुक औषधाविरुद्ध इतक्या हजार तक्रारी’ ही बातमी वाचताना त्यातली प्रत्येक तक्रार औषधाचीच करणी असेल असं धरू नका.

अर्ज भरल्यावर नोंदणी क्रमांक मिळाला तर तो यादीच्या मागच्या बाजूला लिहा, आणि ज्या स्ट्रिपमुळे हे सगळं झालं ती तिथेच स्टेपल करून ठेवा. पुढे कुणी फोन करून बॅच नंबर विचारला, तर शोधाशोध नको.